घटक ४ : चरित्र अभिनेते गणपत पाटील – जीवन आणि कारकीर्द

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• गणपत पाटील यांच्या जीवनाचा व अभिनय-कारकीर्दीचा परिचय करून देता येईल.
• तमाशातील ‘नाच्या’ या पात्राची परंपरा व त्याचे मराठी चित्रपटातील रूप स्पष्ट करता येईल.
• नट आणि त्याने वठवलेले पात्र यांत समाज गल्लत करतो तेव्हा काय घडते, याची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना नाटक ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्र रात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गाव या काळात नाटक मंडळींचे केंद्र बनते. या व्यावसायिक नाटकांच्याही आधीपासून येथे दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्याचे प्रकार रुजलेले आहेत. त्यांत लुगडे नेसून, बांगड्या भरून नाचणारा पुरुष गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. रात्री त्याच्या ठुमक्याला दाद मिळते आणि सकाळी तोच गडी बांधीत चिखलणीला किंवा मळणीला उभा असतो. प्रेक्षक त्याला नावानिशी ओळखत असल्यामुळे वेश आणि माणूस यांतील अंतर सहसा सर्वांच्या ध्यानात राहते. तरीही काहींच्या वाट्याला वेश उतरल्यानंतरही चेष्टा येतेच.

चित्रपटाच्या पडद्यावर हे अंतर राखणे आणखी अवघड होते. पडद्यावरचा नट प्रेक्षकाच्या गावचा नसतो. त्याचे घर, त्याचा संसार, त्याचा दिवसाचा व्यवहार प्रेक्षकाला दिसत नाही. दिसते ते केवळ पात्र. एकाच प्रकारचे पात्र तो वर्षानुवर्षे करीत राहिला, तर प्रेक्षक त्या पात्रालाच माणूस समजू लागतात. गणपत पाटील यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. मराठी तमाशापटातील ‘नाच्या’ म्हणून ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले आणि त्याच ओळखीने त्यांच्या खाजगी आयुष्यावर दीर्घ सावली धरली. म्हणूनच त्यांचे चरित्र अभ्यासताना एका नटाबरोबर त्याला पाहणाऱ्या समाजाचाही विचार करावा लागतो.

४.३ बालपण आणि जडणघडण

गणपत पाटील यांचा जन्म १९२० च्या सुमारास कोल्हापुरात एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने कुटुंबाला हातभार लावण्यासाठी त्यांना बालवयातच मिळेल ते काम करावे लागले. औपचारिक शिक्षण फारसे लाभले नाही. परंतु कोल्हापूर शहराने त्यांना दुसऱ्या प्रकारचे शिक्षण दिले.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रपट यांचे माहेरघर होते. बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पाया घातला होता. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही याच शहरात झाली. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी कोल्हापुरातील चित्रनिर्मितीची परंपरा खंडित झाली नाही. गणेशोत्सवातील मेळे, रामायणावरील खेळ आणि स्टुडिओच्या आवारातील वर्दळ हे सारे या गरीब घरातील मुलाच्या अवतीभवती होते.

मेळ्यांतून आणि रामायणाच्या खेळांतून गणपत पाटील यांनी रंगमंचावर पाऊल टाकले. तेथे त्यांनी सीतेची भूमिकाही केली. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे ही त्या काळी सर्वमान्य रीत होती. तीत कोणाला काही वावगे वाटत नसे. पुढे ज्या प्रकारच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले, तिची पूर्वतयारी नकळत येथे झाली. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. सीता साकारताना नट स्त्री होतो व प्रेक्षक त्या स्त्रीला हात जोडतो. नाच्या साकारताना नट पुरुषच राहतो, पण त्याच्या बायकी हालचालींना प्रेक्षक हसतो. या दोन भूमिकांमधले अंतर गणपत पाटील यांनी आपल्या आयुष्यातच पार केले.

चित्रपटव्यवसायात त्यांचा प्रवेश नट म्हणून सन्मानाने झाला नाही. गर्दीच्या दृश्यांत उभे राहणे, स्टुडिओत सुतारकाम करणे, रंगभूषेच्या खात्यात हाताखाली काम करणे अशा पायऱ्या त्यांना चढाव्या लागल्या. ज्यांना पुढे विनोदी नट म्हणून मोठी कीर्ती मिळाली ते राजा गोसावीही अशाच पायऱ्या चढत होते. या दोघांचा स्नेह होता. पडद्यामागच्या या कामांचा गणपत पाटील यांना एक लाभ झाला. नेपथ्य कसे उभे राहते, चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो, रंगभूषेने चेहरा किती बदलतो, हे त्यांनी कारागिराच्या नजरेने पाहिले. पुढे भालजी पेंढारकर यांच्या चित्रपटांतून त्यांना लहान भूमिका मिळू लागल्या.

४.४ ‘नाच्या’ची परंपरा

गणपत पाटील यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी तमाशाच्या रचनेकडे वळावे लागते. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग हे तमाशाचे प्रमुख घटक होत. स्त्रिया तमाशाच्या फडावर उभ्या राहण्यापूर्वी नृत्य आणि स्त्रीभूमिका ही दोन्ही कामे कोवळ्या वयाची मुले करीत. त्यांना ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. पुढे स्त्री कलावंत फडात आल्या. त्यांत पठ्ठे बापूराव यांच्या फडातील पवळा यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

स्त्रिया आल्यावर नाच्याचे काम संपावयास हवे होते. परंतु ते संपले नाही, त्याचे रूप बदलले. स्त्रीची जागा घेणारा नर्तक आता स्त्रीच्या बाजूला उभा राहून हशा पिकवणारा साथीदार झाला. गवळणीतील मावशी हे पात्रही पुरुषच रंगवतो. मावशी कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालते, देवालाही चार शब्द सुनावते. या पात्रांना जे बोलण्याची मुभा असते ती गंभीर पात्रांना नसते. पाटलाची खोड काढावी, सावकाराला टोमणा मारावा, प्रेक्षकांतील शिष्टांची फजिती करावी, हे सारे नाच्या हसत हसत करू शकतो. समाजात ज्याला मान नाही त्याला बोलण्याची मोकळीक देणारी ही लोकनाट्याची योजना आहे. तिची किंमत मात्र ते पात्र करणाऱ्या नटाला मोजावी लागते.

४.५ रंगमंचावरून पडद्याकडे

कोल्हापुरातील नाट्यदिग्दर्शक जयशंकर दानवे यांच्या संपर्कात आल्यावर गणपत पाटील यांच्या कारकीर्दीला वळण मिळाले. ‘ऐका हो ऐका’ या तमाशाप्रधान नाटकात त्यांनी सोंगाड्या रंगवला. त्यानंतर ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकात नाच्याची भूमिका त्यांच्याकडे आली आणि ती विलक्षण गाजली. या यशामुळे दिग्दर्शक कृष्णा पाटील यांनी ‘वाघ्या मुरळी’ या चित्रपटात त्यांना तशाच धर्तीची भूमिका दिली. येथून नाच्या गणपत पाटील यांना चिकटला तो कायमचाच.

काळही या भूमिकेला अनुकूल होता. १९४७ मध्ये आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने तमाशा आणि लावणी यांना पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ प्रदर्शित झाला आणि पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यानंतर तमाशापटांची जणू लाटच आली. ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५), ‘गणानं घुंगरू हरवलं’ (१९७०) अशा चित्रपटांनी ग्रामीण प्रेक्षक तंबूतील सिनेमाकडे खेचून आणला. फड, सवाल-जबाब, पाटील, नायकीण आणि शाहीर असा या चित्रपटांचा साचा ठरून गेला. या साच्यात नाच्या अपरिहार्य होता आणि नाच्या म्हटला की गणपत पाटील हे समीकरणही पक्के झाले.

४.६ अभिनयाचे स्वरूप

चरित्र अभिनेता हा कथेचा नायक नसतो. कथा त्याच्यासाठी थांबत नाही. मिळालेल्या चार प्रसंगांत त्याला आपली छाप सोडावी लागते. गणपत पाटील यांना हे तंत्र पूर्णपणे साधले होते. मानेची किंचित वेळावणी, हाताची लाडिक फेक, शब्दाच्या शेवटी लांबवलेला हेल आणि ठरावीक जागी येणारा आश्चर्योद्गार, एवढ्या मोजक्या साधनांनी ते प्रसंग ताब्यात घेत. त्यांच्या लकबींची आणि उद्गाराची नक्कल गावोगावच्या जत्रांत, शाळांच्या संमेलनांत आणि मित्रांच्या बैठकींत होऊ लागली. एखाद्या नटाची नक्कल लहान मुलेही करू शकतात, याचा अर्थ त्याने आपल्या पात्राला निर्विवाद आकार दिलेला असतो.

या अभिनयातील शिस्त सहज ध्यानात येत नाही. नाच्याचे काम किंचित जरी अधिक झाले तर बीभत्स होते. कमी झाले तर निर्जीव वाटते. शिवाय त्याला नायिकेच्या नृत्यात मिसळायचे असते, पण तिच्यावरची नजर हटू द्यायची नसते. ढोलकीचा ठेका, समोरच्या नटाचा संवाद आणि प्रेक्षकांचे हसू यांचा मेळ त्याला क्षणाक्षणाला घालावा लागतो. मेळ्यांपासून नाटकापर्यंतची दीर्घ उमेदवारी गणपत पाटील यांना येथे उपयोगी पडली.

तथापि यशाची दुसरी बाजूही होती. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक भूमिका एकाच जातीच्या होत्या. सीता आणि सोंगाड्या रंगवलेल्या नटाची अन्य रूपे प्रेक्षकांना फारशी पाहायला मिळाली नाहीत. निर्मात्याला खात्रीचा हशा हवा होता आणि पाटील यांना संसार चालवायचा होता. काम नाकारण्याची चैन गरिबीतून वर आलेल्या नटाला परवडत नाही. या साध्या आर्थिक वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून त्यांच्या निवडीची चिकित्सा करणे योग्य होणार नाही.

४.७ पडद्याबाहेरचे आयुष्य

गणपत पाटील हे विवाहित, मुलाबाळांचे गृहस्थ होते. परंतु पडद्यावरील नाच्या पाहणाऱ्या अनेकांना हे खरे वाटत नसे. प्रत्यक्षातही ते तसेच असणार, असा समज पसरला. रस्त्यात त्यांना पाहून लोक हसत, हातवारे करीत, त्यांच्या पौरुषाविषयी कुजबुजत. ही चेष्टा त्यांच्यापुरती थांबली नाही. मुलांना टोमणे ऐकावे लागले. त्यांची लग्ने जुळवतानाही वडिलांच्या भूमिकेची अडचण आली. ज्या अभिनयावर घर चालत होते त्याच अभिनयामुळे घरातील माणसांना मान खाली घालावी लागत होती. या दुःखाविषयी पाटील यांनी उतारवयात जाहीरपणे खंत व्यक्त केली होती.

येथे एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. गणपत पाटील यांच्यावर अन्याय झाला, असे आपण म्हणतो तेव्हा तो नेमका कोणता अन्याय? ते समलिंगी किंवा तृतीयपंथी नसताना त्यांना तसे समजले गेले, एवढाच अन्याय मानला तर आपले उत्तर अपुरे राहते. कारण मग जे खरोखर तसे आहेत त्यांची चेष्टा योग्यच ठरते, असा त्याचा अर्थ निघेल. टोमण्याचे विष पत्ता चुकल्यामुळे निर्माण झालेले नव्हते. बायकी चालीचा पुरुष किंवा पुरुषावर प्रेम करणारा पुरुष हा हसण्याचाच विषय आहे, या समजुतीत ते विष होते. पाटील यांच्या कारकीर्दीच्या संपूर्ण काळात भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र लिंगओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१४ मध्ये झाला. प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध त्याच न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. पाटील यांनी या दोन्हींपैकी एकही निर्णय पाहिला नाही.

त्यांच्या चित्रपटांना हसणाऱ्या प्रेक्षकांत आपले मन कोणालाही सांगू न शकणारे तरुणही बसलेले असणार. आपल्यासारखे कोणीतरी पडद्यावर प्रथमच दिसले आणि लगेच सारा तंबू त्याला हसला, असा त्यांचा अनुभव असेल, तर तो गणपत पाटील यांच्या दुःखाहून वेगळा नाही. दोघांच्याही वाट्याला एकच हसू आले.

४.८ तुलनात्मक विचार

पाटील यांचे स्थान नीट समजण्यासाठी दोन कलावंतांशी त्यांची तुलना उपयुक्त ठरते. पहिले अर्थातच बालगंधर्व (१८८८–१९६७). त्यांनी प्रामुख्याने स्त्रीभूमिका केल्या, पण त्यांना रसिकांची भक्ती मिळाली. त्यांची वेशभूषा कुलीन स्त्रियांनी अनुकरणीय मानली आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताबही लाभला. संगीत नाटक हे शहरी, प्रतिष्ठित वर्गाचे मानले गेले, तर तमाशा हा खालच्या मानलेल्या जातींतील कलावंतांनी जगवलेला प्रकार होता. बालगंधर्व आदर्श स्त्री उभी करीत. नाच्या मात्र स्त्री आणि पुरुष यांच्या सीमेवर उभा राही. कलेची जात आणि पात्राची जागा या दोहोंवर मान-अपमान ठरत होता, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

दुसरे नाव परदेशी आहे. चार्ल्स लॉटन (१८९९–१९६२) हा इंग्लंडमध्ये जन्मलेला थोर चरित्र अभिनेता. राजा आठवा हेन्री याच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ या चित्रपटातील कुबड्या घंटावाल्यापासून रोमन सिनेटरपर्यंत नाना पात्रे त्याने रंगवली. तो समलिंगी होता. परंतु त्याच्या हयातीत ही गोष्ट जाहीरपणे बोलण्याजोगी नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी, अभिनेत्री एल्सा लँचेस्टर हिने त्याविषयी लिहिले. १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवूडच्या नियमावलीमुळे पडद्यावरही हा विषय वर्ज्य होता.

लॉटन आणि पाटील यांची स्थिती परस्परविरुद्ध दिसते. एकाला आपले खरे रूप झाकून राजे आणि न्यायाधीश उभे करावे लागले. दुसऱ्याला आपला साधा संसार असूनही लोकांनी त्याच्या पात्राच्या वेशातच कोंडून ठेवले. दोन्ही ठिकाणी नटाच्या माथी भार आला तो समाजाच्या एकाच भयाचा.

४.९ अखेरचा काळ आणि वारसा

१९७० नंतर तमाशापटांची लाट हळूहळू ओसरली. विनोदाची नवी तऱ्हा आली आणि नाच्याचे पात्र मागे पडले. गणपत पाटील यांचे नाव मात्र विसरले गेले नाही. उतारवयात त्यांच्या कामाकडे गंभीरपणे पाहणारे अभ्यासक आणि रसिक पुढे आले. २३ मार्च २००८ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांच्या आत, १ जानेवारी २०१० रोजी, रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात गुणा हा पिळदार शरीराचा शेतमजूर फड उभा करण्याच्या ध्यासापायी नाच्या होतो आणि घरादाराला मुकतो. ही कथा म्हणजे गणपत पाटील यांचे चरित्र नव्हे. तरीही चित्रपट पाहताना असंख्य प्रेक्षकांना त्यांची आठवण झाली. ज्या पात्राला एके काळी केवळ हसण्यात आले, त्याच्या आतील माणसासाठी आता प्रेक्षकांचे डोळे ओलावले. हा बदल पाहायला पाटील स्वतः नव्हते.

४.१० सारांश

गणपत पाटील यांनी मेळ्यातील सीतेपासून तमाशापटातील नाच्यापर्यंत दीर्घ वाटचाल केली. पडद्यामागे सुतारकाम आणि रंगभूषा करीत ते नट झाले. मोजक्या साधनांनी त्यांनी एका उपेक्षित लोकपरंपरेतील पात्राला चित्रपटात अढळ स्थान मिळवून दिले. त्याच पात्राने त्यांना एका साच्यात बंदिस्त केले आणि त्यांच्या कुटुंबाला अवहेलना सोसावी लागली. त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानात येतात : नटाचे मोल त्याच्या भूमिकेच्या सामाजिक दर्जावरून ठरवू नये, आणि ज्या माणसांची नक्कल करून हसू निर्माण होते त्या माणसांच्या सन्मानाचा विचारही कलाविचाराचाच भाग आहे.

आपल्या गावच्या मंडईत पुढच्या वेळी दंडार उभी राहील तेव्हा लुगडे नेसलेल्या नटाचे पदन्यास, त्याचा ताल आणि त्याची हजरजबाबी यांकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावे. दुसऱ्या दिवशी तो भेटला तर त्याच्या कामाविषयी आदराने विचारावे. या घटकाचा तो खरा स्वाध्याय ठरेल.

४.११ सरावासाठी प्रश्न

१. तमाशात स्त्रिया आल्यानंतर ‘नाच्या’ या पात्राचे स्वरूप कसे बदलले?
२. गणपत पाटील यांच्या अभिनयाची वैशिष्ट्ये थोडक्यात लिहा.
३. बालगंधर्व आणि गणपत पाटील यांना मिळालेल्या सामाजिक वागणुकीतील फरकाची कारणमीमांसा करा.
४. आपल्या परिसरातील दंडार किंवा खडीगंमत यांत स्त्रीभूमिका करणाऱ्या कलावंताची, त्याच्या संमतीने, मुलाखत घ्या आणि तिच्या आधारे ५०० शब्दांचा चरित्रात्मक लेख लिहा.